ताईच्या हॉलचं नाव

पेंटर ब्रश घेऊन स्टुलावर ताटकळला होता आणि ताईच्या हॉलचं नाव अजून ठरत नव्हतं. दाजी वारल्यावर तिने त्यांचं बंद वर्कशॉप साफ करून बारसं, साखरपुडा अशा कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा हॉल केला होता.

"दाजींचंच नाव दे," मी म्हटलं. सगळ्यांचं तेच मत होतं.

"अरे, लोक इथे आनंदाने येणार. दारातच त्यांनी हळहळायचं का?" म्हणत तिने 'अंगण' लिहायला सांगितलं.

आठवण जपायची तर ती दारावर लावावी लागते, असं मी धरून चाललो होतो. ताई ओल्या अक्षरांकडे बघत होती. म्हणाली, "ह्यांना सतत माणसं लागायची. आता येतील."