आवसेचा खाडा

खव्याच्या डब्यावरचा तो काळा-पांढरा चौकोनी छाप एरवी माझ्या लक्षातही आला नसता. पण बायको गुलाबजामसाठी खवा मळत होती, मला काही काम नव्हतं, म्हणून तो फोनसमोर धरला. पडद्यावर वाशी तालुक्यातल्या एका खव्याच्या भट्टीची ताजी माहिती आली : नकाशा, आणि भट्टीला दूध घालणाऱ्या बारा जणांचे फोटो. अकरा नावं हिरवी होती. बाराव्या बाई कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. त्यांचं अनुसया हे नाव पिवळं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘अनियमित’.

मी पुण्यात एका कारखान्यात तीस वर्षं हजेरीपट सांभाळला. हा शब्द लाल शाईने किती जणांच्या नावापुढे लिहिला, त्याची गणती नाही. का आला नाहीस, हे विचारायला मात्र कुणाच्या घरी गेलो नाही. आता वेळच वेळ होता. पुढच्या आठवड्यात पिशवी भरली आणि एसटीत बसलो. बायकोने विचारलं, “खव्यासाठी एवढ्या लांब?” मी हो म्हणालो. खरं कारण मलाही धड सांगता आलं नसतं.

बार्शीला गाडी बदलली. येरमाळ्याच्या पुढे टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या, काही फिरणाऱ्या, काही नुसत्याच उभ्या. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधेच तुरीचा पिवळा फुलोरा. वाशीत मुक्काम केला. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. चटणी तिखट होती, हे मला दुसऱ्या घासाला कळलं आणि तिसऱ्याला पटलं.

सकाळी रिक्षा केली. फोनवरच्या नकाशाने आम्हाला गावाच्या बाहेर काढलं, बैलगाडीच्या वाटेने वर नेलं आणि एका उघड्या माळावर, पवनचक्कीच्या बुडाशी आणून सोडलं. भट्टी सोडाच, तिथे झाडसुद्धा नव्हतं. रिक्षावाला माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून निघून गेला.

खडकावर एक तरुण बाई हात उंचावून फोन धरून उभी होती.

“भट्टी हुडकायलाव का?” तिने विचारलं. “समदे हितंच येतेत.”

ती भट्टीवाल्यांची सून, अश्विनी. दूध मोजायचं यंत्र तीच चालवते. गावात फोनला रेंज नाही, ती फक्त या माळावर येते. म्हणून भट्टीची नोंदणी या माळावर झाली आणि नकाशात भट्टी कायमची इथे बसली. यंत्रातले रोजचे आकडे पाठवायला ही बाई रोज टेकडी चढते. पुण्यातल्या माणसाला डबा उघडताच कळावं कुणाचं दूध आहे, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मी अनुसयाबाईंचं नाव काढलं, तसा तिचा चेहरा उतरला.

“आज आवस हाय. काकूंचा आज बी खाडा. हा चौथा.”

मग तिने नियम सांगितला. दूध घालणाऱ्याचे कारणाविना तीन खाडे झाले की नाव पिवळं. चौथ्याला नाव यादीतून उडतं, आणि यादीत नसलेल्याचं दूध भट्टीला घेता येत नाही. आकडे पाठवायला पाच वाजेपर्यंत मुदत. आज तिने अजून एकही आकडा पाठवला नव्हता. काकूंना एकदा शेवटचं विचारू, मग चढू परत, असं म्हणून ती उतरायला लागली. मी मागोमाग. वाटेत शेणात पाय गेला, तो पुसायला थांबलो तेव्हा तीही थांबली, पण हसली नाही.

भट्टी म्हणजे पत्र्याची शेड, चुलाण आणि त्यावर मोठी कढई. अश्विनीचे सासरे, ज्यांना गाव तात्या म्हणतं, लांब दांड्याच्या उलथन्याने दूध आटवत होते. खवा झालाच होता. त्यांनी चिमूटभर तळहातावर रगडून मला दाखवला. हाताला तूप सुटलं होतं.

“हे तुमच्या फोनात दिसतंय का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग काय बघताव त्यात?”

त्यांनी पळसाच्या पानावर गोळा ठेवला. मी घाईने तोंडात टाकला आणि जीभ पोळली. तरीही सांगतो, असा खवा मी जन्मात खाल्ला नव्हता.

अनुसयाबाईंचं घर भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. दारात लोक तांबे, किटल्या घेऊन उभे होते आणि त्या ओट्यावर बसून एकेकाला दूध घालत होत्या. नुकत्याच बाळंत झालेल्या एकीच्या घरचा तांब्या त्यांनी आधी भरला. मी पुण्याहून आलो, डब्यावर त्यांचा फोटो पाहिला, हे अश्विनीने सांगितलं.

“कसा दिसतोय?” त्यांनी लगेच विचारलं.

“जरा रागीट.”

त्या खळखळून हसल्या. “ऊन हुतं वं डोळ्यावर, त्या माळावर!” मग थोड्या थांबून म्हणाल्या, “गावात मला दिगूची आई म्हनतेत. अनुसया निस्तं त्या डब्यावर हाय.”

त्यांच्या घरात आवसेचं, म्हणजे अमावास्येचं, दूध विकत नाहीत. सासूबाईंपासूनची रीत. सासूबाईंना कुणी सांगितली, ते त्यांना माहीत नव्हतं आणि विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. महिन्यातून एक दिवस दूध गावाचं, बस्स.

“काकू, ‘जनावर आजारी’ म्हनून टाकते,” अश्विनी म्हणाली. फोनवर खाड्याची कारणं ठरलेली होती : जनावर आजारी, जनावर गाभण, रस्ता बंद. आवस त्यात नव्हती. “कुनी बघाय येत न्हाय. नाव तरी ऱ्हाईल.”

अनुसयाबाईंच्या हातातलं माप तसंच राहिलं. गोठ्यात दोन म्हशी रवंथ करत होत्या, काळ्याभोर, तुकतुकीत.

“धडधाकट जनावराला आजारी म्हनायचं? आनि ते बी आवसंला?” त्या उठून म्हशींच्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिल्या. “नाव जाऊ दे. माझ्या म्हशीस्नी तसं काय लिहू नकू, बाई.”

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला तिथे उभं राहणं नको झालं. माझ्या हजेरीपटात अशी किती माणसं असतील, असं वाटलं आणि खरोखर लाज वाटली.

आम्ही भट्टीवर परतलो. अश्विनी फोन चाळत होती.

“तात्या, अजून एक हाय. भट्टीला सुट्टी. ती टाकली तर कुनाचाच खाडा पडत न्हाय.”

“आनि हे काय हाय?” तात्यांनी कढईकडे उलथनं रोखलं. “अकरा घरचं दूध आटलंय. सुट्टी टाकली तर ह्यातलं बोटभर बी डब्यात घालता येत न्हाय. पुन्याचा दुकानदार फोनवर फोन करंल. एका बाईच्या आवसंपाई?”

तात्या कढई खरवडत राहिले.

माझी एसटी तीनची होती. निघताना तात्यांनी पळसाच्या पानात खव्याचा मोठा गोळा बांधून दिला. मी नको म्हणालो, तर म्हणाले, “न्ह्या हो, गुमान.” फाट्यावर उभा असताना टेकडी दिसत होती. अश्विनी वर चढत होती. काय पाठवणार आहे, ते एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता, आणि एसटी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो.

“वाशीचा माल आज नाही,” दुकानदार वैतागून म्हणाला. “काल भट्टीला सुट्टी होती म्हणे. न कळवता!”

घरी येऊन जुन्या डब्यावरचा छाप फोनसमोर धरला. बारा फोटो होते. अनुसयाबाईंचं नाव पिवळंच होतं, ‘अनियमित’ही तसंच, पण त्या जागेवर होत्या, आठ्या घालून. काल पेटलेल्या भट्टीला सुट्टी दाखवणं ही सरळसरळ खोटी नोंद. माझ्या हाताखालच्या कुणी केली असती, तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.

बायकोने पळसाचं पान सोडलं. गोळा मोडून तळव्यावर रगडला, तूप सुटलेलं पाहून तिच्या भुवया वर गेल्या.

“कुणाकडचा हा?” तिने पान उलटसुलट करून पाहिलं. “यावर छाप नाही.”

मी तिला अकरा घरांची नावं सांगितली. त्यात अनुसयाबाईंचं दूध तेवढं नव्हतं.