पाळकबाईंची रांग

आमच्या कॅथेड्रलमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांच्या हातून भाकरीचा पवित्र घास घ्यायला दोन रांगा लागतात. एक थोरल्या पाळकसाहेबांपुढे आणि दुसरी नव्या पाळकबाईंपुढे. गेल्या रविवारी साहेबांची रांग पार मागच्या बाकांपर्यंत गेली होती, आणि बाई भाकरीचं ताट धरून जवळजवळ एकट्याच उभ्या होत्या. घंटा वाजवणारे आमचे शांतवनकाका लोकांना हाताने तिकडची मोकळी जागा दाखवत होते. लोक मान हलवत होते आणि जागचे हलत नव्हते.

मी आईला हळूच म्हटलं, "तिकडे जाऊ या ना. तुझा गुडघा दुखतोय."

"दुखू दे," आई म्हणाली. "मला सवय नाही गं, बाईच्या हातून प्रभुभोजन घ्यायची."

जन्मभर आम्ही सगळे हिच्याच हातचं जेवलो, आणि त्याआधी ती प्रार्थनाही करायची. मग देवाघरचा एक घास बाईच्या हातून का चालत नाही? हे तिथेच विचारायचं होतं, पण उपासनेत वाद नको म्हणून तिचा हात धरून साहेबांच्याच रांगेत पुढे सरकले. बाईंकडे बघायचं मी टाळलं.

नंतर दाराशी बाईंनीच आईचं लंगडणं पाहिलं. "आजी, थांबा," म्हणत त्यांनी तिला धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षात बसवलं.

"किती गुणी पोर आहे," आई वाटेत म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी तिच्या रांगेत उभी राहशील?"

"ते वेगळं," आई म्हणाली.

घर येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं, मला ऊन लागलंय.