दारावरचं चिंचखार

पनवेलच्या टॅक्सीस्टँडवर जगातला सगळ्यात हट्टी माणूस उभा असतो, आणि त्याला मी एकदा पोलिसात दिलं होतं. पुढे तेच माझे व्याही झाले. या मूर्खपणाबद्दल मला अजून कुणी पुरेसं हसलेलं नाही, म्हणून आधी तोच सांगून टाकते.

तेव्हा आम्ही पुण्याहून नुकतेच इथे राहायला आलो होतो आणि या गावाला शिस्त लावायचं काम देवाने माझ्याकडे सोपवलंय, असा माझा समज होता. पर्समध्ये शिट्टी तेवढी नव्हती. एसटी स्टँडसमोर एक काळी-पिवळी उभी. खिडक्यांना हिरव्या लुगड्याचे पडदे, बॉनेटवर झेंडूची माळ, मीटरच्या डोक्यावर सोनचाफा, आणि दारावर, जिथे नियमाप्रमाणे मालकाचं नाव-पत्ता बारीक अक्षरांत असावा, तिथे ठळक रंगवलेलं फक्त गावाचं नाव: चिंचखार. "ही टॅक्सी आहे की मांडव?" मी विचारलं. "बसा, मंग कळंल," एवढंच ड्रायव्हरचं उत्तर. मी कसली बसते, तरातरा चौकात गेले आणि हवालदार घेऊन आले. हवालदार गाडीभोवती फिरला, पडदा चिमटीत धरून म्हणाला, "काका, आजीचं लुगडं ना हे?" आणि आत बसून चहा प्यायला. दुसरा कप मला आला. शेवटी त्याच टॅक्सीतून मी घरी गेले, रागाने खिडकीबाहेर बघत, म्हणजे पडद्याकडे बघत. काही वर्षांनी लेकीने कॉलेजातला एक मुलगा पसंत केला, आणि बैठकीला मुलाचे वडील आले ते कडक इस्त्रीच्या खाकी गणवेशात, छातीवर बिल्ला लावून. मला बघितलं आणि भरल्या घरात म्हणाले, "या बायनी मला पोलिसात दिला व्हता. घर चांगलं हाय. चौकशी करून मानसं घेतात."

खरं तर व्याह्यांना टॅक्सी चालवायची काही गरज नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, उलव्यात इमारती बांधतो. त्याच्या पांढऱ्या गाडीत चढायला मला स्टूल लागतं. पण व्याही सकाळी उठून आपली काळी-पिवळी स्वतः धुतात, नवा सोनचाफा ठेवतात आणि नंबराला लागतात. हॉर्न वाजवत नाहीत; खिडकीतून डोकं काढून पुढच्याला त्याच्या आजोबाच्या नावाने हाक मारतात, आणि तो मुकाट्याने बाजूला होतो. विमानतळाचं भाडं आलं तर खूश, कारण विमानतळ त्यांच्या गावावर आणि मिठागरावर बसलाय. सूटबूटवाल्या प्रवाशाला ते दारात उतरवतात आणि सांगतात, "जपून उतरा, आमच्या वांग्यांत पाय ठेवताय." एकाने खरंच खाली बघितलं. आणि गाडीत कुणी काही विसरलं, तर ती वस्तू मागच्या खिडकीपाशी खुंटीला टांगायची, रस्त्यावरून मालकाला दिसेल अशी, आणि मालक येईपर्यंत खाली उतरवायची नाही, हा त्यांनी स्वतः केलेला आणि स्वतः पाळलेला एकमेव नियम. एका मास्तरांची छत्री अशी अख्खा पावसाळा पनवेलभर फिरली. मास्तर तिच्यासमोरून रोज भिजत जायचे, पण मान वर करतील तर ना.

दारावरच्या अक्षरांची मात्र गंमत वेगळी. मी हवालदार आणला तेव्हा ती वीतभर होती. मग विमानतळासाठी गाव उठायला लागलं. शाळा पाडली, व्याह्यांनी पेंटर बोलावून अक्षरं वाढवली. देऊळ हललं, आणखी वाढवली. शेवटचं घर गेलं तेव्हा 'चिंचखार' पुढच्या दारावर सुरू होऊन मागच्या दारावर संपत होतं, आणि मागचं दार उघडलं की गाव अर्धं व्हायचं.

यंदा पासिंगला ते अडले. टॅक्सीची तपासणी करणारी इन्स्पेक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड आणि नियमाला पक्की. मी सोबत गेले होते, मजा बघायला. पडदे काढा म्हणाली, काढले. माळ काढा, काढली. खुंटीवर कुणा बाळाचं टोपडं लोंबत होतं. "हे काय?" "इसरलेलं हाय." "असू दे, प्रवाशांच्या सामानाला मी काही म्हणत नाही." मग ती दाराशी आली.

"काका, इथे सध्याचा पत्ता लिहायचा, ठरलेल्या मापात. बाकी सगळं पुसा. आणि हे चिंचखार आहे तरी कुठे?"

"इमान चाकं टेकतं ना, तिथं."

"म्हणजे आता नाहीये."

"मी हाय ना."

"गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटचा नंबर लिहा, काका."

"नंबरला कोन हाक मारतं, बाय?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. पासिंग मात्र दिलं नाही.

गाडी दारात उभी राहिली. व्याही रोज गणवेश चढवून तिच्यात जाऊन बसायचे, जेवणही तिथेच. जावई म्हणाला, "बाबा, विका ती. मी मोठी घेऊन देतो." "तुझ्या मोठ्या गाडीला रस्त्यात कोन हात दाखवतो?" पण परवान्याची मुदत संपत आली होती, आणि टॅक्सी गेली की हा माणूस घरात बसून वाळून जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं. समजवायला कुणाला पाठवलं, तर मला. नियमवाली बाई ना मी.

मी गेले, मागच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "पुसून टाका."

"तुमीच बोलनार. पयल्या दिवसापासून तुमचा डोळा त्या नावावर."

मी वाद घातला नाही. पासिंगला काढलेले पडदे लेकीने गुपचूप माझ्याकडे आणून दिले होते. व्याह्यांच्या आईने मिठागरावर नेसलेल्या त्या लुगड्याची मी मोठी पिशवी शिवली होती, आणि तिच्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं टाचली होती. ती मांडीवर उलगडून ठेवली. चिंचखार. "दाराला नियम आहे," मी म्हटलं, "म्हातारीच्या पिशवीला नाही. पुसा तुम्ही. मी दर शनिवारी ही घेऊन खिडकीत बसते. बघू कोण उतरवतं."

त्यांनी पिशवीवरून हात फिरवला.

पेंटर आला, दार काळं झालं, बारीक अक्षरांत प्लॉट नंबर आला, पासिंग झालं. पहिल्या शनिवारी मी पिशवी खिडकीला लावून बसले. दाराकडे व्याह्यांनी एकदाही बघितलं नाही. स्टँडवर एकाने वाचलं, दुसऱ्याला दाखवलं. एका म्हातारीने तर लांबूनच हात जोडले. मला उतरायचं होतं त्या मार्केटपाशी गाडी थांबली. मी पिशवीची घडी घालायला लागले, तर व्याही आरशात बघत हळूच म्हणाले,

"विहीणबाय, उतरताना ती पिशवी गाडीत इसरून जा."