आधी सगळे उठा

बाळांनो, जळकोटजवळच्या आमच्या गावात मुलींनी शाळा का सोडली, याची सरकारी पाहणी करायला एक बाई आली होती. आमच्या शेजारच्या मुलीला फिट यायची, म्हणून तिची शाळा सुटली होती. हे गावाला कळलं तर पुढे लग्न जमणार नाही, या धास्तीनं तिची आई गप्प होती. बाई त्यांच्या ओट्यावर बसली, तशी नेहमीसारखी गर्दी जमली. बाईनं पेनाला टोपण लावलं. "आधी सगळे उठा."

"गावात काय लपवायचं?" एक म्हातारबा म्हणाले.

"मग काका, तुमची शुगर सांगा की मोठ्यानं!" बाई म्हणाली.

हसत सगळे उठले, मीही उठले. मुलीच्या आईनं हळूच विचारलं, "अन् लेकीचं नाव?"

"नाव वर जात न्हाई, मावशी. नुसतं कारण जातंय."

माझ्या दारातून वळून पाहिलं, तर आई भरभरून बोलत होती.