पेटी उठवणं

दुपारी दोन घास मऊ भात खाते आणि आडवी होते. पोटावर उशी दाबून धरते. उशी कशाला, तर पिशवीचा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आतड्याचा कॅन्सर काढताना डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या अंगाला वाट काढली आणि तिथे पिशवी चिकटवली. जे जिथून जायचं ते आता इथून येतं आणि येताना आवाज करतं. कधीही, कुणाहीसमोर. डॉक्टर म्हणाले, "जन्मभर राहील, पण सवय होईल हो." सवय त्यांनीच करून घ्यावी. मला माझी शिसारी येते.

आणि वास. तो सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. हॉस्पिटलातून घरी आले आणि थोड्याच दिवसांत घरात एक वास येऊन बसला. कुजका, गोडसर, घशाला चिकटणारा. पिशवी बदलते, अंग पुसते, फरशी फिनेलने धुऊन काढायला लावते, चार-चार उदबत्त्या पेटवते. शेजारी जाऊ नये म्हणून खिडक्या कडी घालून बंद ठेवते. वास आपला आहे तिथेच. आमचे हे म्हणतात, "मला तर काहीच येत नाही." जन्मभर तपकीर ओढलेल्या नाकाला काय येणार, कपाळ! बाकीचे येतात ते दारातूनच बोलतात आणि काहीच येत नसल्यासारखा चेहरा असा सारखा करून ठेवतात की मला ओकारी यावी. कुणी तोंड उघडून म्हणत नाही की बाई गं, तुझा वास येतो.

आज संध्याकाळी आमच्या भजनी मंडळाच्या बायका पेटी न्यायला येणार आहेत. निरोप मीच धाडलाय. पेटी म्हणजे अनसाक्काची हार्मोनियम. आक्का गेल्या ज्येष्ठात गेली, झोपेतच. ती होती तोवर दर गुरुवारी मारुतीच्या देवळात ती वाजवायची आणि मी गायचे. पेटीवर हात मलाही तिनेच शिकवला. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा बायकांनी ती पेटी प्लॅस्टिकात गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून माझ्या पलंगाशी आणून ठेवली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. एकीनेही तोंडातून शब्द काढला नाही. ठेवली आणि गेल्या. माणूस मरणाच्या दारातून परत आलंय आणि ह्यांना अडगळ ठेवायला माझं घर सापडलं! तेव्हापासून ती तशीच पडून आहे. आज गेली की गाणं संपलं, मंडळ संपलं, मग दार लावून घेतलं की झालं. मला एवढंच हवंय.

डोळे जड होतात. उशीवरचा हात घसरतो. पलंग बारीक थरथरायला लागतो, आणि ती थरथर मला ओळखीची वाटते, कारण मी एसटीत बसले आहे.

गाडी कऱ्हाड स्टँडच्या बाहेर निघते. झाडून सगळे प्रवासी खिडकीबाहेर मान काढून बसलेत, नाकाला पदर नाहीतर रुमाल. कंडक्टर माझ्यापाशी येऊन तिकीट टोचतो.

"वासाचं काढलं का?"

"त्याचं वेगळं असतं?"

"फुल्ल लागतं," तो म्हणतो आणि पळतच पुढे जातो.

माझ्या शेजारी अनसाक्का बसलेली आहे. अंगावर हिरवं इरकल लुगडं, आणि बोटाने दातांना मिश्री घासणं चालू. काळी लाळ ओठाच्या कोपऱ्यात. जिवंतपणी मला त्याची किळस यायची, आताही येते.

"मेल्यावर तरी मिश्री सोडायचीस, आक्का."

"का? वर काय दात पडायचं भ्या हाय व्हय?" ती खिडकीतून पिचकन थुंकते. मग मान वळवून नाक वर करते आणि हुंगते, मांजर दूध हुंगतं तशी. "उजे, लई वास येतोय गं."

इतक्या महिन्यांत हे म्हणणारी ही पहिली. मला रडूच फुटतं. रडण्यापेक्षाही जास्त राग येतो.

"माझाच येतोय. बस जाऊन दुसरीकडं. सगळे जातात तशी तूही जा. तू तर आधीच गेलीस. मी आजारी पडेपर्यंतही थांबता आलं नाही तुला. एवढी कसली घाई होती?"

"मी काय सांगून गेली व्हय? मलाबी सकाळी उठल्यावर कळलं," आक्का म्हणते. "आनि तुझा वास? लई मोठी लागून गेलीस. उतर खाली."

मी उतरते ती हॉस्पिटलच्या वॉर्डात. फरशी ओली आहे. दोन्ही बाजूंना खाटा आणि प्रत्येक खाटेवर एकेक पेटी निजवलेली, गळ्यापर्यंत पांढरी चादर. नर्स एकेकीच्या भात्यावर कान ठेवते आणि पुढे सरकते. कोपऱ्यातल्या खाटेवर आमची पेटी, प्लॅस्टिकात, सुतळीत. वास तिथूनच आहे असं मला वाटतं. पण इथे मीही उभी आहे, त्यामुळे खात्री देता येत नाही.

"उचल," आक्का म्हणते.

"जड उचलायचं नाही मला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग गाठ तरी सोड. का त्यालाबी डाक्टर आडवा येतोय?"

गाठी ओल्या सुतळीच्या, घट्ट बसलेल्या. आयुष्यभर ब्लाऊज शिवले, तेव्हा गाठ सोडवणं मला नवीन नाही. तरी नखं दुखतात. शेवटची गाठ सुटते. प्लॅस्टिक आपोआप उलगडतं, मागच्या बाजूला त्याला कुरतडून भोक पाडलेलं. आणि वास असा अंगावर येतो की मी खाटेचा दांडा धरून ओकते. नर्स न विचारता माझ्या हनुवटीखाली टोपलं धरते.

"झाकन काढ."

"आक्का, मला नाही बघवणार."

"तुझं तू रोज बघतीस न्हवं? मंग ह्ये बी बग."

मी झाकण काढते. पट्ट्यांच्या खाली पुठ्ठ्याचा खोका आहे, मिठाईवाल्याचा. त्यात पेढे होते. आता नुसता हिरवा-काळा लगदा आहे आणि त्याला पांढरे केस आलेत. झुरळं उजेड बघून पट्ट्यांखाली पळतात. मागे भात्याच्या घडीत एक चिचुंद्री मरून चपटी झालेली, शेपटी भात्याबाहेर. पेढ्यांना आली आणि तिथेच अडकली. मी पुन्हा ओकायला लागते. पण त्याच्या मागोमाग एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरते आणि मी ओकायची थांबते.

"हा वास..."

"तुझा न्हाई," आक्का म्हणते. "ह्येचा हाय. तुझा असंल थोडाफार, सगळ्यांचा असतोय. घर ज्यानं नासलंय, त्यो ह्यो."

"पण पेढे कुणी ठेवले पेटीत?"

आक्का माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघते. "कुनी म्हंजे? पेटी उठवायला आनलीती की तुझ्याकडं."

तुम्हाला हे सांगायला हवं. आमच्या मंडळात ही आक्काची पद्धत. कुणी दुखण्यातून उठलं की पेटी तिच्या घरी न्यायची. आत मारुतीपुढचे पेढे लपवायचे, झाकण लावायचं, बांधायचं आणि एक अक्षरही न बोलता ठेवून यायचं. आत काय आहे ते सांगायचं नाही. जिची तिने पेटी उघडायची, एक सूर वाजवायचा, मग पेढा खायचा. त्याला आम्ही पेटी उठवणं म्हणायचो. दर वेळी पेटी डोक्यावर घेऊन आक्काच पुढे चालायची. ती गेली आणि मला वाटलं, पद्धतही तिच्याबरोबर गेली. बायका ती पुढे चालवतील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना मी कुजकट म्हणत होते, आणि पेढे त्यांनी माझ्यासाठी ठेवले होते.

"त्यांना वाटलं, तू रातच्याला उघडशील," आक्का सांगते. "दुसऱ्या दिसापास्नं तुझ्या खिडकीखाली यून हुभ्या ऱ्हायच्या. ती सिंधू जगदाळे तर रोज. सूर ऐकू येतोय का बगायला. तू तर खिडकीला कडी घातलीवती."

मला लाज वाटते आणि त्या लाजेचाही तिटकारा येतो.

"का गप्प बसल्या मग? दार वाजवायचं, सांगायचं!"

"सांगायचं न्हाई म्हनून मीच शिकिवलं की त्येस्नी. चूक आसंल तर माझी. आता मेल्यालीला काय बोलनार तू?" ती काळे दात दाखवून हसते. "चल, धुवाय घे."

आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो आहोत. वॉर्ड मागे कुठे गेला ते मी बघत नाही. पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. आक्का चिचुंद्री शेपटीला धरून लांब भिरकावते. मला म्हणते, खरवड. मी अंगठ्याच्या नखाने आतल्या पितळी सूरपट्ट्यांवरचा खवा खरवडते. चिकट, थंड, मधे मधे झुरळाचं अंडं. प्रत्येक पट्टीला मी "शी" म्हणते. आक्का माझं "शी" मोजल्यासारखी मान डोलवते. हळूहळू मला कळतं की ती ठेका धरते आहे.

"मार आता भाता."

मी भाता मारते. आधी खोकल्यासारखं काहीतरी येतं, मग मोठी धूळ आणि मग सूर. आणि त्याच क्षणी माझी पिशवी बोलते. लांबलचक, ओलं, लाजिरवाणं. माझा हात सवयीने पोटावर जातो. आक्का त्यावर फाडकन चापट मारते.

"हात काढ तितनं! तुझी बी वाजतीय, तिची बी वाजतीय. तिच्या पोटात काय अत्तर हाय? तिच्याबी पोटात वाराच हाय, आनि त्यो बी कुबट."

"तिला लाज नसते."

"म्हनून तर ती सुरात वाजतीय."

मला हसू येतं. खूप दिवसांनी येतं त्यामुळे दुखतं, टाके दुखावेत तसं. आक्का पेटी माझ्याकडे सरकवते. गुरुवारी आमचा एक खेळ असायचा. देवाचं ठरलेलं गाऊन झालं की आक्का मनाने एक ओळ रचायची आणि पुढची मी जोडायची. अडले तर पेढ्याला मुकायचे. आता ती डोळे मिटते आणि घसा न खाकरता, आहे त्या मिश्रीच्या आवाजात गाते:

"देहाची पिशवी । देवानं शिवली ।
एक टाका सुटला । बाई गं ॥"

ती थांबते. पाणीही थांबल्यासारखं वाटतं. माझ्या ओळीची वाट बघतंय. मला काही सुचत नाही. ऑपरेशनपासून मला एक ओळ सुचलेली नाही, गुणगुणलेलंही नाही. वाटतं, नाहीच येणार आता. पिशवी पुन्हा आवाज करते. मी तिला शिवी देते आणि शिवीच्या मागूनच ओळ येते. आवाज फाटका आहे, पण माझा आहे:

"सुटल्या टाक्यातून । वारा येतो जातो ।
त्याचीच पेटी वाजे । बाई गं ॥"

आक्का डोळे उघडते. तिच्या डोळ्यांत पाणी आहे, हनुवटीवर मिश्री आहे, आणि मला ती इतकी आवडते की तिच्या पदरात तोंड खुपसावंसं वाटतं. मी खुपसते. पदराला मिश्रीचा, चुलीचा, तिचा वास येतो.

"पुन्हा येशील का?"

"कशाला? मला काय दुसरा धंदा न्हाई?" ती माझं डोकं थापटते. "बायका येत्याल आता. शिव्या घाल त्येस्नी, माझ्या नावानं दोन जास्तच घाल. पर दार उघड."

"आक्का, मला तुझ्याशिवाय गाता येत नाही."

"मंग आता कोन गायलं?"

मी मान वर करते तर समोर आमच्या खोलीची भिंत आहे.

उशी खाली पडली आहे. खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली आहे. पलंगाशी पेटी, प्लॅस्टिकात, सुतळीत. मी वाकून बघते. गाठी सगळ्या जागच्या जागी, करकचून. कुणी हातही लावलेला नाही. मग माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे जातं. नखाच्या आत हिरवट-काळा लगदा भरलेला आहे, आणि त्यात झुरळाच्या पंखाचा एक तपकिरी तुकडा. मी अंगठा नाकाशी नेते. तोच वास. मी तशीच, नख न धुता, पलंगावरून उतरते.

बेल वाजते.

आधी मी खिडकीची कडी काढते, मग दुसऱ्या खिडकीची. मग दार उघडते. सिंधू जगदाळे सगळ्यांत पुढे उभी आहे. मागे चौघी-पाचजणी, सगळ्यांचे चेहरे तसेच सारखे करून ठेवलेले. सिंधू जमिनीकडे बघत म्हणते, "उजूताई, पेटी न्यायला आलोय. तुम्हीच निरोप दिलाता."

"वास येतोय का गं, सिंधू?"

ती दचकते. मागच्यांकडे बघते. शेवटी ती हळूच होकारार्थी मान हलवते.

"कशाचा येतोय माहितीये?"

"न्हाई वं ताई. कशाचा?"

"तुमच्या पेढ्यांचा, बयांनो," मी म्हणते आणि अंगठा तिच्या नाकापुढे धरते. "पदर लावा नाकाला आणि आत या सगळ्या. पेटी उठवायची राहिलीये."