व्याह्यांचं ताट आणि माझ्या कॅप्सूल

हसू नका असं सांगून तुम्ही थोडेच थांबणार आहात? तरी सांगतो. माझ्या हुशारीपायी व्याह्यांचा जीव जायची वेळ आली होती!

लेकीचे सासरे लोहाऱ्याहून पहिल्यांदाच आमच्या येरमाळ्याला जेवायला येणार होते. मी आदल्या दिवशीच चिकन आणून फ्रीजमध्ये ठेवलं आणि लाईट गेली. गेली ती गेलीच!

पूर्वी परदेशात कोंबडीचं मांस टिकावं म्हणून अँटिबायोटिकच्या गार पाण्यात बुडवत, असं मी मोबाईलवर ऐकत होतो. पुढचं ऐकायच्या आत बॅटरी संपली. पण शहाण्याला शब्दाचा मार! माझ्या दाढेच्या अँटिबायोटिक कॅप्सूल उरल्या होत्या. फोडल्या, पिवळी पूड पाण्यात कालवली, चिकन बुडवलं. बायकोला, सुमनला, अवाक्षर सांगितलं नाही.

सकाळी तिनं मला भाकरीबरोबर तिखटजाळ सुकं चिकन वाढलं. दोनदा मागून खाल्लं. म्हटलं, वा रे माझं औषध!

दुपारी व्याही आपल्या जीपनं आले, ताटावर बसले. रस्सा ओरपत म्हणाले, “दाढ कशी हाय?”

“बरी हाय की. पिवळ्या पुडीच्या कॅप्सूल घेतल्या.”

“आरं बाबा! मला न्हाय चालत त्या. एकदा घेतली तर त्वांड सुजलं, श्वास कोंडला. डॉक्टर म्हणले, परत घेतली तर खेळ खलास!”

माझ्या पोटात गुडगुडायला लागलं. व्याह्यांचे ओठ सुजले, की आधीपासूनच जाड होते? लग्नात कोण ओठ बघतं हो! तेवढ्यात ते खाकरले. बापानं सासऱ्याला मारलं, हे माझी पोर जन्मभर ऐकणार!

“थांबा!” मी ताटच ओढलं. “खाऊ नका! त्याच कॅप्सूल म्या चिकनला लावल्यात! दवाखान्यात चला!”

व्याही पांढरेफटक पडले. सुमन पळी घेऊन बाहेर आली.

“काय वरडताय? व्याह्यांला कुणी शिळं घालतं व्हय? ह्यो सकाळी कापलेला घरचा कोंबडा हाय.”

व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडणार, इतक्यात आठवलं.

“मग माझं चिकन?”

“ते लई वास मारत व्हतं. टाकलं असतं तर तुमीच वरडला असता. म्हणून चटणी दाबून घातली आन् तुमाला वाढलं!”

म्हणजे पोटातलं ते गुडगुडणं भीतीचं नव्हतंच!

जीप दवाखान्यात गेलीच. चालवत होते व्याही. मागं मी, पोट धरून आडवा.

“पाव्हणं, भिऊ नका,” ते म्हणाले. “दाढ तरी आता दुखायची न्हाय!”