सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

आमच्याकडं मुलाचं लग्न जमवताना एक वाक्य ठरलेलं असतं: "पोराला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाय." पोरगं रोज संध्याकाळी झोकांड्या खात घरी येत असलं तरी हे म्हणायचंच. वर आणखी एक समजूत, की लग्न झालं की दारू आपोआप सुटते. म्हणजे घरच्यांना जे जमलं नाही, ते परक्याच्या लेकीनं अंगाची हळद निघायच्या आत करून दाखवायचं.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्हीही तेच करत होतो. तो चोविशीचा. जळोचीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. तांब्याची तार अशी सफाईनं गुंडाळायचा की बघत राहावं. पण ते हात सकाळी थरथरायला लागले, आणि दोन घोट पोटात गेल्याशिवाय थांबेनात. तो एकदा मला म्हणाला, "ताई, आदी मी मजा म्हणून प्यायचो. आता पाना धरायलाबी दारू लागती." हे त्याचं त्यानं ओळखलं होतं. आई मात्र लग्नाचंच बघत होती.

लोणी भापकरला मुलगी बघायला गेलो. आमचे वडील गेल्यापासून घरचा कारभार थोरल्या चुलत्यांकडं, तात्यांकडं. पोहे झाले, चहा आला आणि तात्यांनी मिशीवरून हात फिरवत ते सुपारीचं वाक्य टाकलं.

भावाच्या हातातली कपबशी वाजत होती. ती त्यानं खाली ठेवली आणि तो मुलीच्या वडिलांना म्हणाला, "सुपारीचं न्हाय मामा, पण दारूचं हाय. माझी मला सुटंना. आदी उपचार घेतो. तुमच्या पोरीला यात नगा ढकलू."

आईनं पदर तोंडाला लावला. मुलीच्या वडिलांनी शांतपणे हात जोडले आणि ते आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. परतताना गाडीत तात्या कडाडले, "गप बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तिचं बिघडलं असतं, तात्या."

गाडी थांबवून तिथंच त्याची दृष्ट काढावी असं मला वाटलं. त्या गाडीत एकच शहाणा माणूस होता आणि त्यालाच सगळे शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले. सुरुवातीला त्याचे फार हाल झाले. तो बाहेर आल्यावर, मी भवानीनगरला सासरी असले की त्याचा फोन यायचा: "ताई, आज लई वाटतंय." मग तव्यावरची भाकरी करपली तरी मी बोलत राहायचे, बहुतेक वेळा त्याला झापतच. एकदा त्याचा पाय घसरला. तेही सकाळी त्यानंच सांगितलं आणि स्वतःहून पुन्हा केंद्रात गेला. मला वाटतं, दारू सोडण्यापेक्षा ते अवघड होतं.

पुढं बऱ्याच काळानं इंदापूरकडचं एक स्थळ आलं. पुन्हा पोहे, पुन्हा चहा. तात्यांनी घसा खाकरला. आता सुपारी निघणार म्हणून मी डोळे मिटले.

"पोरगं पीत हुतं," तात्या म्हणाले. "सोडलीया. काय इचारायचं ते त्यालाच इचारा."

तात्यांच्या पाया मी तोवर नाइलाजानंच पडत आले होते. त्या दिवशी मनापासून पडावंसं वाटलं.

मुलीच्या मामांनी विचारलं, "आता कायमची सुटली न्हवं?"

व्हय म्हण, मेल्या, व्हय म्हण, मी मनात म्हणत होते. तो म्हणाला, "आज घेतली न्हाय. उद्याबी घ्यायची न्हाय असं ठरीवलंय. कायमचं आत्ताच कसं सांगू?"

मोडलं हे स्थळ, मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात इतका वेळ खाली बघत बसलेल्या मुलीनं मान वर केली.

"लई वाटलं तर कुणाला सांगता?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हिला."

ती माझ्याकडं वळली. "ताई, मग तुमचा नंबर मलाबी देऊन ठेवा."

जन्मभर तोंडाचा पट्टा चालवलेल्या मला त्या वेळी माझा स्वतःचा नंबर आठवेना.